माझ्या लॅपटॉपमधली हद्द आणि रुद्रम्मा मावशी

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात संगणक शिकवणारे तीन प्राध्यापक आहेत. पण मशीन अडलं की ते तिघंही हाक मारतात रुद्रम्मा मावशींना. पदानं त्या प्रयोगशाळा परिचर. नवरा याच कॉलेजात शिपाई होता. तो गेला आणि एकोणतिसाव्या वर्षी मावशींना कामावर घेतलं. माहेर उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवर, शिक्षण दहावी. नेमून दिलेलं काम एवढंच, की संगणकांवरची धूळ पुसायची आणि पोरांना चपला बाहेर काढायला लावायच्या.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. सहा वर्षं येडशीजवळच्या रामलिंगच्या जंगलात झाडांच्या नोंदी करतेय. कोणतं झाड कुठं, कधी फुललं, कधी वाळलं, सगळ्यांचे फोटो. हे सगळं लॅपटॉपवर. एका माजी विद्यार्थ्यानं त्यात विंडोजच्या जोडीला लिनक्स घालून दिलं होतं. चालू करताना दोन्हींतलं एक निवडायचं. कॉलेजची कागदपत्रं विंडोजवर, जंगल लिनक्सवर. फेब्रुवारीत लिनक्सची साठ जीबी जागा भरली. फोटो उतरेनात. विंडोजकडे मात्र दोनशे जीबी नुसती पडून होती.

"तिकडची थोडी काढून इकडं द्या ना," मी मावशींना म्हटलं.

"देता येतंय. पण मॅडम, विंडोज आधी हाय, लिनक्स त्याच्या मागं. विंडोज आवळलं की मोकळी जागा दोघांच्या मधी पडती. मग लिनक्स अख्खं उचलून पुढं सरकवायचं आन् मग वाढवायचं. सरकवताना मधीच थांबलं तर लई घोटाळा. समद्याची कॉपी काढलीय न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

काढली होती, पण आठ महिन्यांपूर्वी. तसं सांगायची लाज वाटली.

शनिवारी अकराला त्या बसल्या. आधी विंडोजमधून एकशेवीस जीबी मोकळी केली. विंडोज पुरतं बंद केलं. "नुसतं झोपवून चालत न्हाय," म्हणाल्या. मग पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला. पडद्यावर डिस्कची लांब पट्टी आली, रंगीत तुकड्यांची. मावशींनी पिशवीतून वही काढली आणि प्रत्येक तुकडा कुठं सुरू होतो, कुठं संपतो, ते नऊ-नऊ अंकी आकडे उतरवून घेतले. पुटपुटत होत्या कानडीत, "एळु, सोन्ने, ऐदु..." दोनदा ताडून पाहिले आणि सरकवायला सुरुवात केली.

चाळीस टक्के झालं असेल. वीज गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून तो लॅबच्या यूपीएसला लावला होता. यूपीएस एकदा ओरडला आणि तोही गेला.

वीस मिनिटांनी वीज आली. लॅपटॉप चालू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी, बास.

"असू द्या," मावशी म्हणाल्या. "कॉपी हाय की."

आता सांगणं भाग होतं. "मावशी, ती जुनी आहे. आठ महिन्यांचं त्यात काहीच नाही."

त्या रागावतील असं वाटलं. रागावल्या नाहीत. स्टूल पुढं ओढलं, पुन्हा पेनड्राइव्ह लावला आणि वही उघडली.

"लिनक्स साठ जीबीचं," त्या सावकाश बोलू लागल्या, मला की स्वतःला, कळेना. "मधी जागा एकशेवीसची. म्हंजे जे उतरत हुतं ते समदं मोकळ्या जागंत उतरत हुतं. जुन्या जागंला हात लागलाच न्हाय. लिनक्स कुठं हाय ते सांगनारी पाटी तेवढी नव्या जागंवर गेलीय."

त्यांनी लिनक्सच्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि तो पुसून टाकायची आज्ञा दिली. मी ओरडलेच, "पुसलं?"

"पाटी पुसली. घर तिथंच हाय."

मग वहीतले जुने आकडे एकेक करून भरले. एंटर दाबलं. तपासणी चालू केली. ओळी भराभर वर सरकत राहिल्या. मी खुर्चीची कड घट्ट धरून उभी होते. ओळी थांबल्या. मावशींनी फोल्डर उघडलं, आणि जागा भरण्याआधी शेवटचा उतरवलेला पळस पडद्यावर आला, लालभडक. त्याच्या खाली सहा वर्षांचं जंगल, एकही पान न हरवता.

मी खाली बसले. वहीतल्या नऊ-नऊ अंकी आकड्यांच्या जोरावर या बाईनं डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेतून माझं सगळं जंगल परत आणलं होतं. डिस्कवरच्या कोट्यवधी घरांपैकी नेमक्या कुठल्या घरापासून माझं जंगल सुरू होतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ती स्टुलावर बसून पदरानं चष्मा पुसत होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोन शिकवतंय? भंगारात टाकलेल्या डिस्का मागून घेतल्या साहेबांकडनं. चारनंतर लॅब रिकामी आसती. मोडायच्या, जोडायच्या. बारा-तेरा वर्सं मोडल्या. माझ्या डिस्कंत काय नसायचंच, मग भ्यायचं कशाला?"

त्या दिवशी त्यांनी पुढं काही केलं नाही. आधी सगळ्याची नवी कॉपी काढायला लावली, ती उघडून दाखवायला लावली, आणि सोमवारी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घेतल्यावरच पुन्हा बसल्या. अडीच तास जागच्या हलल्या नाहीत. मी आणलेला चहा तसाच गार झाला. शेवटी लिनक्सची पट्टी पडद्यावर लांब झाली, एकशेऐंशी जीबीची. दोन्ही बाजू एकेकदा चालू करून बघितल्या. दोन्ही ठीक.

"शनिवारी तुम्हाला भीती नाही वाटली?" मी निघताना विचारलं.

"वाटली की. तुम्ही आधीच रडायला आलावता, मी कुठं बोलू?"

एवढं बोलून त्या दाराकडे वळल्या. दुपारची बॅच आली होती, आणि दोन पोरं चपला घालूनच आत शिरत होती.