दौलतची वेळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी दौलतला खाटेवर घालून वैनगंगेच्या घाटावर नेलं, आणि दुपार कलल्यावर त्याच खाटेवरून परत घरी आणलं. मूल गावचा डॉक्टर पलीकडच्या काठाला आणि आम्ही अलीकडच्या. मधे पाणी होतं. त्यानंतर दौलत दोन दिवस होता, आणि नदी उतरली ती तो गेल्यावर. दीड महिना झाला असेल या गोष्टीला. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर बसतो, आणि डोळ्यांपुढं आधी ते पाणीच येतं... त्याच्या आधीचा दौलत आठवायला थोडा वेळ लागतो.

नागपूर अजून राजधानी होतं तेव्हा तिथं दर हिवाळ्यात एक लांब शर्यत व्हायची. पेपरवाले तिला मॅरेथॉन म्हणत, आमच्याकडची माणसं नुसतीच ‘नागपूरची धाव’ म्हणत. ज्यांनी ती रस्त्याकडेला उभं राहून पाहिली असेल, त्यांना अनवाणी धावणारा, गुडघ्यावर धोतर खोचलेला एक काळा, उंच पोरगा आठवत असेल. लागोपाठ दोन वर्षं तो पहिला आला. दुसऱ्या वर्षी त्याने लावलेली वेळ त्या शर्यतीत आधी कुणीच लावली नव्हती. तो दौलत. चामोर्शीजवळच्या आमच्या गावातल्या ढिवराच्या घरचा. मी कुणब्याचा, त्याच्याच वयाचा. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर शिकलो. मग मी पुढच्या शाळेत गेलो आणि तो बापाबरोबर आणि थोरल्या भावाबरोबर, नामदेवबरोबर, तलावावर मासोळी धरायला जाऊ लागला.

धावायला त्याला कुणी शिकवलं नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे जाळ्यात लागलेली मासोळी कावडीच्या टोपल्यांत घालायची, वर ओला पाला टाकायचा, आणि ऊन चढायच्या आत चामोर्शी गाठायची. चालत गेलं तर मासोळी उतरते, वास मारू लागते, म्हणून तो धावत जाई. कावडीला झोका बसू न देता धावायचं म्हणजे पावलं आखूड आणि डोकं एकाच उंचीवर ठेवावं लागतं. नागपूरला पुढं जाणकार लोक त्याची ढब बघून चकित व्हायचे. त्यांना मी ही गोष्ट सांगितली की दौलत मला कोपर मारायचा. “मासोळीचं काऊन सांगतं बे? लोक हासून राह्यले.”

मी मास्तरकीच्या शिक्षणासाठी नागपूरला होतो, तिथंच शर्यतीचं कळलं. मलाही धावायची हौस होती. दिवाळीला गावी गेलो आणि दौलतला म्हटलं, चल. तो म्हणाला, “तिथी जाऊन काय आनाचं हाय?” काही आणायचं नाही, नुसतं धावायचं, असं सांगितल्यावर त्याला फार वेळ हसू येत होतं. पण आला. मी माझ्या एका सोबत्याचे कॅनव्हासचे बूट त्याच्यासाठी मागून आणले होते. पहिल्या मैलातच त्याने ते काढले, रस्त्याकडेच्या एका पानवाल्याच्या हाती दिले आणि पुढं निघाला. शर्यत जिंकल्यावर लोकांनी त्याला उचललं, हार घातला. आणि हा सारखा मला म्हणतोय, “गजा, लोकाचे बूट हायेत, पयले ते घेऊन येऊ.” आम्ही गेलो. पानवाल्याने बूट पुसून गादीवर ठेवले होते. त्याने दौलतला स्वतःच्या हाताने पान खिलवलं. दौलतला त्या हारापेक्षा त्या पानाचं कौतुक जास्त... पुढं कितीतरी दिवस गावात त्याची तीच गोष्ट चाललेली असे.

दुसऱ्या वर्षीच्या विजयानंतर त्याचं लग्न झालं, सरूबाई घरात आली. त्याच पावसाळ्यात त्याला पहिला ताप आला. हुडहुडी भरली, जांघेत गाठ आली आणि उजवा पाय घोट्यापासून सुजला. आठवड्याने सूज उतरली. धान पेरणाऱ्या, तलावाकाठी राहणाऱ्या आमच्या मुलखात हा ताप कुणाला नवा नाही. प्रत्येक आळीत एखादा तरी हत्तीपाय असतो. तरी दौलतच्या पायाला हे होईल, असं मनात आलं नव्हतं. ताप परत आला. सूज उतरली, पण सगळी नाही. सरूबाईने पाला बांधला, वैदूचा लेप लावला, देवीला नवस केला. मी त्याला मूलच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. त्याने पाय दाबून पाहिला, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला न घेता दौलतलाच सांगितलं, “हा पाय पहिल्यासारखा होणार नाही. जपायचं. चिखलात जखम होऊ द्यायची नाही. आणि ताप जोरात आला तर थांबू नका, लगेच इथं आणा.” दौलतने विचारलं, “आन् धावता येईन?” डॉक्टर हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

तरी त्या हिवाळ्यात तो नागपूरला आलाच. निम्म्या वाटेपर्यंत आम्ही बरोबर होतो, नेहमीसारखा तो माझ्या उजवीकडे. मग त्याचं पाऊल जड पडू लागलं. मला ते दिसण्याआधी ऐकू आलं. मी वेग कमी केला तसा तो म्हणाला, “तू जाय. मी येतो मागून.” मी गेलो. त्या वर्षी पहिला मी आलो. संपण्याच्या रेषेशी पोहोचलो तर दौलत तिथं माझ्याआधी उभा... व्यवस्थापकांनी त्याला मोटारीत घालून आणलं होतं. त्याने स्वतःचा दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, “किती वेळ लागला?” मी सांगितला. त्याच्या वेळेहून तो बराच जास्त होता. “बरा हाय,” तो म्हणाला. एवढंच.

मग पाय वाढतच गेला. कावड सुटली. तो घरी ओसरीत बसून जाळी विणू लागला, पाय समोरच्या ओंडक्यावर ठेवून. मी ब्रह्मपुरीच्या शाळेत लागलो होतो. शर्यत झाली की दर वर्षी गावी जाऊन त्याला सगळं सांगायचं, हे ठरून गेलं. कोण पहिला, कुठचा, चढावर कसा धावला. वेळ तो सगळ्यांत शेवटी विचारी, सुई जाळ्यात तशीच थांबवून. मी सांगितली की सुई पुन्हा चालू लागे. मधे राज्य बदललं, शर्यत भरवणारी मंडळी पांगली, एक वर्ष शर्यत झालीच नाही. त्या वर्षीही मी गेलो, तर म्हणाला, “नाई धावले त मोडन कोन?”

मागच्या हिवाळ्यात त्याची वेळ मोडली. पलटणीतल्या एका जवानाने. सगळ्या वाटेवर मी विचार करत होतो, हे कसं सांगावं. सांगितलं ते शेवटी सरळच सांगितलं. सरूबाई आतून बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. दौलत सुई धरून बसला होता. “मोडाचीच होती,” तो म्हणाला. “टाच टेकवे का तो?” मी म्हटलं, नाही, चवड्यावर धावतो. “मंग बरोबर हाय.” मग हसला. “आता त्याले झोप नाई येत. दर वर्षी इचारत बसन.” सरूबाई हसली नाही.

पोळ्याला मी गावी होतो, म्हणून हे मला पाहावं लागलं. पायाच्या बोटांत कुठं काय खुपलं होतं कुणास ठाऊक, पोळ्याच्याच रात्री ताप भरला, सकाळपर्यंत पाय मांडीपर्यंत लाल झाला. नदीला पूर. गडचिरोलीचा रस्ता नाल्यांनी तोडलेला. घाटावर पोहोचलो तेव्हा गढूळ पाण्यातून अख्खी झाडं वाहत होती. नामदेवभाऊचा जन्म त्या नदीवर डोंगा वल्हवण्यात गेला. तो काठाशी गेला, एक फांदी पाण्यात टाकली आणि ती कुठं जाते ते पाहत राहिला. मग येऊन खाटेजवळ उकिडवा बसला.

“नाई होत,” तो म्हणाला.

“तुमचा भाऊ हाय जी तो,” सरूबाई म्हणाली.

“भाऊ हाय म्हनूनच नाई नेत, बाई. मधात डोंगा पालटला त त्याले धरू कसा म्या?”

दौलत घोंगडीखालून म्हणाला, “नामदेवभाऊ बरोबर म्हनते. वाट पाहू.” आम्ही वाट पाहिली. पाणी चढत होतं. नामदेवभाऊ मधेच उठे, काठापर्यंत जाई, परत येई... दुपारी त्यानेच खाटेचा एक पाय उचलला.

घरी आल्यावर मी चामोर्शीला धावत गेलो. दवाखान्याचा डॉक्टर पलीकडे अडकला होता. कंपाउंडरने तापाच्या गोळ्या बांधून दिल्या आणि म्हणाला, “गुरुजी, यानं होनार नाई. सुईचं औषद पाहिजे, ते माह्यापाशी नाई.” गोळ्या मुठीत धरून मी परत धावलो. नाल्यात छातीपर्यंत पाणी होतं. दौलत शुद्धीवर होता. दम खात मी खाटेशी बसलो, तर म्हणाला, “चामोर्शीहून येवाले किती वेळ लागला तुले?”

“पाहिला नाही रे.”

“घडी नोती का?”

“नव्हती.”

“मंग नागपूरवाले ते धरत नाईत,” तो म्हणाला, आणि त्याच्या ओठाला थोडं हसू आलं. त्यानंतर तो मला ओळखून बोलला नाही.

दसऱ्याला गेलो तेव्हा नामदेवभाऊनेच मला नदीपार नेलं. पाणी निवळलेलं, खालची वाळू दिसत होती. पलीकडे लागायला काहीच वेळ लागला नाही. मधोमध त्याने वल्हं थांबवलं. “गुरुजी, त्या दिवशी नेला असता त?” मी म्हटलं, “डोंग्यातले सगळेच गेले असते, भाऊ.” त्याने मान हलवली, पण ते त्याला पटलं नव्हतं. मलाही पटवता आलं नाही.

इथं ब्रह्मपुरीला मी परत सकाळी धावायला लागलो आहे. नागभीडच्या रस्त्याला त्या वेळी एखादी बैलगाडी सोडली तर कुणी नसतं. तरी मी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने, गवताला घासून धावतो. परवा शाळेचा शिपाई सायकलवरून येता येता म्हणाला, “गुरुजी, रस्ता सारा रिकामा हाय, काट्यातून काऊन धावता?” सवय आहे म्हणालो. उजवीकडे एका माणसापुरती जागा सुटते. रस्त्याच्या मधे यायचं म्हणून दोनदा प्रयत्न केला... पाय वळत नाहीत.