मशीनवरचं कुंकू

सागाच्या भुशाचा वास आला की मला त्यो दिवस आटवतो. आमचे मालक सुतार. बात्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी घरापुढच्या पत्र्याच्या शेडात लाकूड घासायचं नवं मशीन बसवलं. मोटा फिरता रूळ आन् त्याला गुंडाळलेला काचपेपर. सासूबाईंनी रुळावर मूठभर कुंकू वाह्यलं, झेंडूचा हार घातला आन् म्हनल्या, "दाब रं बटन आता." ह्यांनी दाबलं. कुंकू सगळ्यांच्या तोंडावर उडालं, हार आत वडला गेला, आन् त्यो काडायला ह्यांनी हात घातला. बटन मीच बंद केलं. ह्यांचा हात कोपरापस्तोर लाल. कुंकू किती आन् रगत किती, कळंना. त्या हातावरच घर चालत हुतं. मी पदरानं पुसाय लागले तर सासूबाई म्हनल्या, "सवाशीन बाई तू, नवऱ्याच्या अंगावरचं कुंकू पुसती व्हय?" मी तशीच पान्याची घागर ह्यांच्या हातावर वतली. कुंकू गेलं तसं दिसलं, मधल्या बोटाचा शेंडा घासून गेला हुता. हे पांढरेफटक हून भितीला टेकले आन् म्हनले, "मशीन मातर झ्याक फिरतंय की." आता नातवानं काय बी नवं मशीन आनलं की मी कुंकू लावते, आन् बटन दाबायच्या आदी माज्याच हातानं पुसते. बाया अपशकून म्हनत्यात. म्हनू देत.