चवबाईची जीभ

कारखान्यात तिला सगळे चवबाई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपुरतं. दुकानांच्या फ्रिजमध्ये डब्यातून मिळतं ते बटाट्याचं सॅलड जिथे बनायचं, त्या गारठलेल्या खोलीत तिची उमर गेली. उकडलेले बटाटे, मेयोनीज, व्हिनेगर, कांदा मोठ्या भांड्यात फिरून झाले की प्रत्येक घाण्यातला एक चमचा चवबाईच्या तोंडात. तिने मान हलवली की माल डब्यात, नाही हलवली तर आणखी मीठ. गार बटाटा मीठ नुसता गिळून बसतो, कितीही घाला, दाद म्हणून देत नाही. मग झाकण, डब्यावर लेबल, आणि पुढचा घाणा. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिच्या पायांचे तुकडे पडलेले असायचे.

घरी नवरा. जन्मभर ट्रक चालवला आणि आता हृदय कुरकुरायला लागलं म्हणून खुर्चीत बसवलेला. पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा लागेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ अगदी कमी करा, एवढासा चमचा दिवसाला, सपाट भरून. पुढच्या तपासणीपर्यंत सूज उतरली नाही तर दवाखान्यात भरती. तिचा थोरला दीर असाच भरती झाला होता आणि परत आला नव्हता.

चमचा वगैरे तिने मनावर घेतलं नाही. जी बाई अख्ख्या शहराचं मीठ जिभेवर तोलते, तिने घरच्या सुपासाठी चमचा घ्यायचा म्हणजे अतीच झालं. सुपात तिने मीठ कमी केलं, चाखलं, अगदी पाणचट लागलं, तिला समाधान वाटलं. पहिल्याच दिवशी नवरा म्हणाला, जरा खारट झालंय गं. हा टोमणा, असं तिने धरलं. आयुष्यभर ढाब्यांवर जेवलेला माणूस, अळणी खाताना तोंड वाकडं करणारच. तिने त्याला असं काही झापलं की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. दुपारची तर चिंताच नव्हती. झाकण वाकडं बसलेले डबे कामगारांना घरी न्यायला मिळायचे. उकडलेला बटाटा, हलका आहार, खुशाल खा म्हणायची.

सूज मात्र हलेना. मग चवबाईला संशय आला की हा चोरून बाहेरचं चरतोय. कोटाचे खिसे उलटे केले, खुर्चीखाली हात घातला, सापडल्या त्या पेपरमिंटच्या दोन गोळ्या. तरी तिने सोडलं नाही. मी तिथे थंडीत उभी राहून मरते आणि तुम्ही इथे वेफर्स हाणता, असं बरंच काही बोलून घेतलं. नवऱ्याने टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

अशात कारखान्यातलं थंडी करणारं यंत्र जळलं आणि दोन आठवडे काम बंद पडलं. चवबाई पहिले काही दिवस फक्त झोपली. उठेल तेव्हा स्वयंपाक करायची, नवऱ्यावर पहारा ठेवायची. आणि काय सांगावं, सूज उतरायला लागली. पट्टा पहिल्या भोकापर्यंत आला. चवबाईची कॉलर ताठ. शेजारणीला म्हणाली, पहारा बसला तशी चोरी बंद झाली बघ.

सुट्टी संपत आली तेव्हा एके दुपारी तिला स्वयंपाक करायचाही कंटाळा आला. फ्रीझरमध्ये कामाच्या दिवसांतलं सूप होतं, सॅलडच्याच रिकाम्या डब्यात भरलेलं. तिने ते गरम केलं, चमचा तोंडात घातला आणि सिंकमध्ये थुंकली. नुसतं मीठ. घशापर्यंत आग.

"अहो, हे नासलंय," ती म्हणाली.

नवऱ्याने येऊन चमचाभर चाखलं. "नासलेलं नाही. तू कामावर असतेस तेव्हा असंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो एकदा. मग म्हटलं, दमून येतेस, उभ्याउभ्या रांधतेस, त्यात नावं काय ठेवायची."

चवबाई ओट्याला टेकून राहिली. हातातल्या डब्याचं लेबल तिच्याकडे तोंड करून होतं. अशी लेबलं तिच्या डोळ्यांसमोरून किती गेली असतील, देवाला ठाऊक, पण वाचलं आज पहिल्यांदा. चरबी नवऱ्याच्या पोटाला पुरून उरेल इतकी. साखर! बटाट्यात साखर कशाला मेली. आणि मीठ, एका डब्यात, डॉक्टरांच्या चमच्याला जेमतेम चिमूटभर कमी. तिला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. रोज दुपारी एक डबा तिने आपल्या हाताने त्याच्यासमोर ठेवला होता.

त्या दिवसापासून मिठाचा डबा नवऱ्याच्या ताब्यात गेला. तपासणीत डॉक्टर म्हणाले, भरतीची गरज नाही, चालू द्या असंच. चवबाई कामावर परतली. मला झाकणांवर घ्या म्हणून तिने मुकादमाला विनवलं. तो हसला. चवबाई झाकणांवर बसल्यावर चव कोण बघणार? मग पुन्हा घाण्यामागून घाणा, चमच्यामागून चमचा, आणि आठवड्याभरात जीभ पुन्हा मिठाला बधिर, होती तिथे जाऊन बसली. हे तिला समजत होतं, पण करणार काय.

संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा नवऱ्याने सूप वाढून ठेवलं होतं. स्वतः केलेलं, चमचा मोजून. बटाट्याच्या फोडी एक डोंगराएवढी, एक वाटाण्याएवढी. तिने घोट घेतला. कोमट पाणी. तिची नजर मिठाचा डबा शोधत फळीवर गेली आणि परत आली. समोर तो, धुतलेले हात पुसत उभा.

"खारट नाही ना झालं?" त्याने विचारलं.

इतके दिवस रोज संध्याकाळी हा माणूस याच टेबलाशी बसून न बोलता काय काय गिळत होता, ते तिला आत्ता कळलं.

"बेताचं झालंय," ती म्हणाली, आणि तिने वाडगा संपवला.