होझिया गिलार्डची हंडी आणि विदरलिंचचं शेवटचं मत

होझिया गिलार्ड हातमोजे शिवायचा. पण कुणी धंदा विचारला तर हातमोज्यांचं नावही घ्यायचा नाही. हनुवटी गळपट्ट्यात खुपसायचा, पोट आत, छाती बाहेर, आणि म्हणायचा, "मतदार." जसं काही मत देणं हे रोज सकाळी उठून करायचं काम आहे आणि मधल्या फावल्या वेळात माणूस हातमोजे शिवतो.

प्रत्यक्षात सत्तेचाळीस वर्षांत निवडणुका झाल्या अकरा आणि होझियावर मत द्यायची वेळ आली दोनदा. विदरलिंच गावाला पार्लमेंटात दोन जागा होत्या, म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मतं. मँचेस्टरला तेव्हा एकही नव्हती. याचं विदरलिंचमध्ये कुणाला नवल वाटत नसे. मँचेस्टरवाल्यांनी मागितली नसेल, एवढंच. या दोन जागांवर गावचा जमीनदार लॉर्ड अल्डरकोट आपली दोन माणसं उभी करायचा, समोर कुणी उभं राहायचं नाही, आणि मत न देताच निवडणूक संपायची. मतदारांना याचं फार दुःख व्हायचं. तत्त्वाचं नव्हे, जेवणाचं. दोन जागांना दोनच उमेदवार असले की मतांसाठी फुकट बिअर नाही, गोमांस नाही, बायकोला रिबिनी नाहीत. म्हणून निवडणूक लागली की सगळं गाव 'तिसऱ्या माणसा'ची वाट बघायचं.

होझियाचं सगळं आयुष्य या तिसऱ्या माणसांवरून मोजता आलं असतं. सतराशे चौऱ्याऐंशी साली तो एकवीस वर्षांचा, नुकतं थर्झाशी लग्न झालेलं, पहिलीच निवडणूक, आणि तिसरा माणूस आलाच नाही. होझिया नवा कोट घालून तीन दिवस बाजारात नुसता फिरला. नव्वद साली आला, तर गावकरी चार मैल पुढे गेले, त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः ओढत गाडी गावात आणली. तीन दिवस बैल भाजला जात होता. मतदानाच्या आदल्या दिवशी त्या गृहस्थाला पुढचा खर्च कळला आणि तो मागच्या दाराने पसार झाला. "पण बैल चांगला होता हो," होझिया चाळीस वर्षांनंतरही सांगायचा. शहाण्णव आणि अठराशे अठरा साली मात्र खरंखुरं मतदान झालं. दोन्ही वेळा होझियाने बाजारातल्या मतदानाच्या मचाणावर चढून, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात लॉर्डसाहेबांच्या माणसांची नावं घेतली. दोन्ही वेळा ती माणसं एवढ्या फरकाने जिंकली, की होझिया त्या दिवशी घरी झोपून राहिला असता तरी चाललं असतं. थर्झाने तसं त्याला एकदा बोलून दाखवलं होतं. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

विदरलिंचमध्ये मताचा हक्क मिळायचा हंडीवर. ज्याच्या घरात स्वतःची चूल आणि त्या चुलीवर स्वतःची हंडी रटरटते, तो मतदार. असे हंडीवाले गावात तेहतीस होते. आता मत होझियाचं, हंडी होझियाची, पण ती रटरटवायची थर्झा, हे कुणी लक्षात घेतलं नव्हतं. खुद्द होझियानेही नाही. अठराशे एकतीस सालच्या जानेवारीत थर्झा खोकल्याने गेली तेव्हा ते लक्षात आलं.

आणि त्याच वसंतात निवडणूक लागली. तिसरा माणूसही आला: डँपियर, ब्रिस्टलचा दोरखंडांचा व्यापारी. आडवातिडवा, लालबुंद, बोलायला लागला की समोरच्याच्या कोटाचं बटण धरून ठेवणारा. त्याचं म्हणणं एकच: राजकारण सुधारायचं, आणि विदरलिंचसारख्या गावांच्या जागा काढून मँचेस्टरसारख्यांना द्यायच्या. म्हणजे विदरलिंचवाल्यांनी मत देऊन स्वतःचं मत कायमचं घालवायचं. तरीही, काय वारं सुटलं होतं कोण जाणे, निम्मं गाव त्याच्या मागे गेलं.

डँपियरचा वकील होता स्लेड. एरंडेल घेतल्यासारखा चेहरा आणि दर वाक्याला "कायद्याच्या दृष्टीने". कायद्याच्या दृष्टीने सुप्रभात, कायद्याच्या दृष्टीने जरा मीठ द्या. मतदानाच्या चार दिवस आधी त्याने यादीत होझियाच्या नावावर बोट ठेवलं. हा म्हातारा जन्मभर लॉर्डाच्या बाजूने बोललेला. याला उडवला की एक मत कमी. शिवाय सगळी गल्ली बघत होती की संध्याकाळ झाली की होझियाची मुलगी केझाया समोरच्या घरातून झाकलेला वाडगा घेऊन बापाकडे जाते.

"कायद्याच्या दृष्टीने," स्लेड म्हणाला, "हा मनुष्य मुलीच्या हंडीतलं खातो. याची चूल थंड आहे. हा मतदारच नाही."

होझियाला हे कळलं तेव्हा तो हातमोज्याचा अंगठा शिवत होता. सुई बोटात गेली.

"मी मतदार नाही?" तो केझायाला म्हणाला. "मग मी आहे तरी कोण?"

"माझे बाबा आहात," केझाया म्हणाली.

"ते ठीक आहे गं. पण लोकांना काय सांगू?"

अशा वेळी विदरलिंचची एक रीत होती. ज्याच्यावर हरकत आली त्याने मतदानाच्या सकाळी स्वतःच्या चुलीतले निखारे रस्त्यावर आणायचे, दारासमोर स्वतःची हंडी चढवायची आणि सगळ्यांच्या देखत शिजवायचं. उमेदवारांनी त्यातला एकेक चमचा खायचा. मग पोर्टरीव्हने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, निर्णय द्यायचा. दुसऱ्या कुणी हंडीला हात लावला, तर हक्क गेला.

केझायाला वाटलं, सगळं गाव बघणार, बापाची अब्रू आहे. तिने आदल्या दिवशी हंडी नेली आणि वाळूने अशी घासली, अशी घासली, की तिच्यात तोंड बघून दाढी करता आली असती.

सकाळी नऊला होझियाने ती हंडी बाहेर आणली आणि त्याच्या गल्लीत, फ्रॉग स्ट्रीटवर, सगळ्यांचे डोळे दिपले. हंडीवाल्या गावात चकचकीत हंडी! स्लेड तर आनंदाने उजळून निघाला.

"कायद्याच्या दृष्टीने बघा! या हंडीने कधी जाळ बघितलाय? ही काल दुकानातून आणलीय!"

"मी घासली ती!" रस्त्यापलीकडून, आपल्या उंबऱ्यावरून, केझाया ओरडली.

"म्हणजे हातही लावला! लिहून घ्या!"

पोर्टरीव्ह होता टिडबॉल, गावचा बेकर. त्याच्या भुवयांवर कायम पीठ असायचं आणि त्याला दोन्ही बाजूंची भीती वाटायची. "म्हणजे... घासणं म्हणजे... हं... शिजवणं नव्हे ना," तो म्हणाला. "चालू द्या, गिलार्ड."

होझियाने हंडीत पाणी ओतलं. वाटाणे टाकले. डुकराचं हाड टाकलं. मग मागे सरून हाताची घडी घालून उभा राहिला, जसं काही उरलेलं काम हंडीने करायचं आहे.

"बाबा, वाटाणे रात्री भिजत घातले होते का?" केझाया.

"भिजत घालतात?"

गल्लीत हशा पिकला. प्रत्येक खिडकीतून एकेक बाई बाहेर डोकावली. "जाळ कमी करा!" "काका, ढवळा, खाली लागतंय!" "मीठ आत्ता नको, शेवटी!" "आत्ताच टाका हो, हिचं कुठं ऐकता, हिचा नवरा का बारीक झालाय?" होझिया एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होता, आणि ज्या बाईचा आवाज मोठा तिचं ऐकत होता. मीठ तीनदा पडलं.

"सल्ला घेतोय!" स्लेड किंचाळला. "कायद्याच्या दृष्टीने..."

"सल्ला तर मंत्रीही घेतात," लॉर्डाचा कारभारी फॅन्शॉ नाकातून म्हणाला. तो प्रत्येक शब्द तव्यावरच्या लोण्यासारखा पसरवायचा. "अर्थाऽत, ढवळतोय तो स्वतःऽच."

तासाभराने स्लेडने शेवटचा घाव घातला. "आज शिजवलं, मान्य. पण रोज शिजवतो? या माणसाला वाटाणे भिजवतात हेही माहीत नाही. जानेवारीपासून याच्या चुलीवर एकदा तरी काही शिजलंय, हे सांगणारा एक साक्षीदार उभा करा."

 होझियाने मान खाली घातली. आणि तेव्हा शेजारच्या दारातून लव्हरिजबाई पुढे आल्या. विधवा बाई, दोन्ही हात कमरेवर, आवाज असा की चर्चच्या घंटेला विश्रांती मिळावी.

"मी आहे साक्षीदार."

"बाई, नको," होझिया हळूच म्हणाला.

"गप बसा हो गिलार्ड. मत पाहिजे ना?" त्या टिडबॉलकडे वळल्या. "रोज दुपारी. रोज! थर्झा गेली त्या आठवड्यापासून हा माणूस चूल पेटवतो आणि तिच्यासारखं कढण करायला बघतो. रोज करपतं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून कुंपणावरून माझ्या डुकरापुढे ओततो. याला वाटतं मला दिसत नाही. माझं डुक्कर, साहेब, मार्चपासून त्याला तोंड लावत नाही. डुक्कर!"

अख्खी गल्ली हसली. होझियाचा चेहरा डँपियरपेक्षा लाल झाला. फक्त केझाया हसली नाही. ती उंबऱ्यावर खाली बसली.

"बाबा, मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" होझिया निखाऱ्यांकडे बघत म्हणाला. "की तुझ्या आईचं कढण मला जमत नाही? अजून जमेल, म्हटलं."

"पण खाल्लं कुठं याने?" स्लेड अजून चिकटून होता. "कायद्याच्या दृष्टीने, डुकराने..."

"म्हणजे... कायद्यात... हं... रटरटलं पाहिजे एवढंच आहे," टिडबॉल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात बळ आलं होतं, कारण प्रश्न चुलीचा होता आणि चूल त्याला कळत होती. "गिळलं पाहिजे असं कुठं आहे? हक्क मान्य. उमेदवारांनी चमचा घ्यावा."

लॉर्डाचा एक उमेदवार, त्याचा मेव्हणा, नेहमीप्रमाणे लंडनलाच होता; म्हणून पहिला पुढे आला दुसरा, सर लायोनेल, लॉर्डसाहेबांचा पुतण्या, तलम कोट, तलम केस. त्याने चमच्याचं टोक ओठाला लावलं, डोळे मिटले. "अप्रतिम! माझ्या प्रिय मित्रा, आमच्या लंडनच्या आचाऱ्यालासुद्धा हे जमायचं नाही."

होझियाने त्याच्याकडे नीट बघितलं. सत्तेचाळीस वर्षं तो हेच ऐकत आला होता. हातमोजे अप्रतिम, गाव अप्रतिम, पाऊससुद्धा अप्रतिम.

मग डँपियर आला. त्याने चमचा भरून तोंडात घातला, चावायला लागला, थांबला. डोळ्यांत पाणी आलं. महत्प्रयासाने गिळलं आणि होझियाच्या कोटाचं बटण धरलं.

"अहो गिलार्ड, हे फार वाईट झालंय. वाटाणे म्हणजे बंदुकीच्या गोळ्या. आणि मीठ! बायको गेली म्हणे? माझीही गेली. मी महिनाभर पावावर काढला. तुम्ही निदान चूल तरी पेटवलीत."

होझियाने निखारे विझवले आणि तो सगळ्यांबरोबर बाजाराकडे निघाला.

हरकतीचं मत सगळ्यांत शेवटी घ्यायचं, म्हणून होझियाआधी मचाणावर बाकीच्या बत्तीस जणांची मतं पडली. दोन जागांतली एक लॉर्डाच्या मेव्हण्याने केव्हाच मारली होती. दुसरीसाठी सर लायोनेल सोळा, डँपियर सोळा. राहिला होझिया. फॅन्शॉने त्याचा हात धरून त्याला आजोबांसारखं वर चढवलं. स्लेड खाली उभा राहून आभाळाकडे बघत होता.

"होझिया गिलार्ड, हातमोजेवाला," टिडबॉल म्हणाला. "मत कुणाला?"

"डँपियर."

"आणि... हं... दुसरं मत?"

"दुसरं कुणाला नाही."

 मग एकाच वेळी दोन आवाज उठले.

"हरकत!" फॅन्शॉचे शब्द प्रथमच आखूड झाले. "याची चूल थंड आहे! डुकराच्या साक्षीवर मत घेता?"

"कायद्याच्या दृष्टीने," स्लेड मचाणाच्या फळीवर चढतच ओरडला, "डुक्कर हा अत्यंत विश्वासू प्राणी आहे! आणि मी स्वतः माझ्या डोळ्यांनी कढण रटरटताना बघितलंय!"

"तुम्हीच म्हणालात ना हंडी नवी आहे?"

"घासलेली आहे! स्वच्छता हा गुन्हा आहे का?"

दोघे एकमेकांची सकाळची वाक्यं जशीच्या तशी एकमेकांच्या तोंडावर फेकत होते, आणि लोक मचाणाभोवती पोट धरून बसले होते. टिडबॉलने वहीत रेघ ओढली आणि वही मिटली. "लिहिलं गेलं. डँपियर सतरा."

फॅन्शॉ होझियाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "स्वतःच्या मतावरच कुऱ्हाड घातलीस, म्हाताऱ्या. समजतंय ना?" होझियाचं घर थर्झाच्या बापाकडून आलेलं होतं, लॉर्डाचं नव्हे, त्यामुळे त्याला घराबाहेर काढणंही फॅन्शॉच्या हातात नव्हतं.

"समजतंय," होझिया म्हणाला. "पण आधी दोनदा मत दिलं ना, तेव्हा तुमच्याकडचं कुणी असं धावत आलं नव्हतं."

पुढच्या वर्षी कायदा झाला आणि विदरलिंचच्या दोन्ही जागा गेल्या. हंडीवाल्यांचा हक्कही गेला. बातमी आली त्या संध्याकाळी केझाया वाडगा घेऊन बापाकडे आली. होझिया चुलीपुढे उकिडवा बसला होता, नाकाला काजळी.

"आता कशाला पेटवताय?" ती म्हणाली. "आता कुणी बघायला येणार नाही. चला, माझ्याकडे जेवा."

"येतो," होझिया म्हणाला. "पण आधी हे चाखून बघ. आणि खरं सांग हं, सर लायोनेलसारखं नको."

केझायाने चमचा घेतला. बराच वेळ चावत राहिली.

"वाटाणे शिजलेत," ती म्हणाली. "मीठ अजून जास्तच आहे."

"किती जास्त?" त्याने विचारलं, आणि तिला बसायला स्टूल पुढे सरकवलं.