मोसंबीच्या बॅटरीचा रस

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाही, म्हणून लिहितो आहे.

काल मी चार मोसंब्यांमध्ये जस्ताचे खिळे आणि तांब्याची तार खोचून बॅटरी बनवली. छोटा एलईडी दिवा लागलाही. आज सकाळी खिळे पुसून ठेवले, पण मोसंब्या फेकायच्या सोडून टोपलीतच ठेवल्या. जस्त रसात उतरतं, तो पिऊ नये, हे मला माहीत होतं.

दुपारी घनसावंगीहून मामा आले. मी शेतातून परतलो तेव्हा त्यांच्या हातात आईने काढलेला त्याच मोसंब्यांचा रस होता. आमच्या बागेत रस शोषणारा पतंग फळाला टोचतो, आईला ती भोकं त्याचीच वाटली.

पहिल्या घोटाला मामांचं तोंड वाकडं झालं.

"कडू लागून राह्यला का, दादा?" आईने विचारलं.

"न्हाई गं, बिलकुल गोड आहे," म्हणत त्यांनी ग्लास रिकामा केला. मी दारात गप्प उभा होतो.

संध्याकाळी, मामा गावी परतल्यावर, त्यांना फोन केला.

"जरा मळमळून राह्यलं, भाच्या. पण आईला सांगू नको, तिला वाईट वाटंल."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आता पुन्हा लावतो. डॉक्टरला सांगायला तरी त्यांना खरं कळलं पाहिजे. पण आईला कोणत्या तोंडाने सांगू?