रिव्हर्सचे जादा पंधरा दिवस

ताईंना सगळे क्लचताई म्हणत. 'क्लच हळू सोडा' हे वाक्य त्यांनी पंचवीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की खरं नाव फक्त लायसनवर उरलं होतं. वय एकोणपन्नास, आवाज खणखणीत, आणि शिकाऊ माणसाला न घाबरवता गाडी विजेच्या खांबापासून वाचवायची हातोटी. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं. बाविसाव्या वर्षी त्या याच स्कूलमध्ये गाडी शिकायला आल्या होत्या. शिकवणारे मास्तर तेव्हा छत्तीसचे. वर्षभराने दोघांचं लग्न झालं, पण नवऱ्याला 'मास्तर' म्हणायची सवय काही सुटली नाही.

त्यामुळे टीव्हीवर ती नवी मालिका सुरू झाली तेव्हा ताई पहिल्याच आठवड्यात तिच्या नादी लागल्या. चाळिशीचे, देखणे, मोजकं बोलणारे प्राध्यापक आणि त्यांच्याच वर्गातली वीस वर्षांची मुलगी. संध्याकाळचे आठ वाजले की ताईंना बाकी जग दिसेनासं व्हायचं. चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता, बेचाळीस जणांचा, आणि त्यात सरळ दोन तट पडले होते. जोडी जमलीच पाहिजे म्हणणाऱ्यांच्या सेनापती अर्थातच क्लचताई. पलीकडची बाजू लढवायची औषधांच्या दुकानाची मालकीण.

पंचाईत अशी, की ही औषधवाली नेमकी त्याच महिन्यात ताईंकडे गाडी शिकायला येऊ लागली होती. ग्रुपवर अर्धवट राहिलेलं भांडण सकाळी सातला गाडीत पुढे सुरू व्हायचं. औषधवालीचं म्हणणं, वयाचं तिला काही वाटत नाही, वीस वर्षांच्या अंतराने माणसं सुखाने नांदतात. पण त्या पोरीचे मार्क सरांच्या हातात आहेत, त्याचं काय? ताई म्हणायच्या, मार्क मार्कांच्या जागी आणि मन मनाच्या जागी. एकदा हे बोलता बोलता औषधवालीने सिग्नलवर तिसऱ्या गिअरमध्येच गाडी उचलायला घेतली, गाडी गचकन बंद पडली, आणि मागच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ उठवला. दोघींना त्याचं काहीच नव्हतं.

मग शुक्रवारच्या भागाची जाहिरात आली: सर तिला लग्नाचं विचारणार. ग्रुपवर नुसता धुमाकूळ. हा भाग सगळ्यांनी एकत्र बघायचा असं ठरलं, आणि जागा म्हणून ताईंनी स्कूलची वर्गखोली देऊन टाकली. वाहतुकीच्या खुणांचे तक्ते भिंतीवर, समोर टीव्ही. अठरा जण आले. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा काहींनी टेबलावर बैठक मारली. ताईंची कॉलेजात शिकणारी पुतणी दारापाशी उभी राहिली. मास्तर मागच्या कोपऱ्यात, हातात चहाचा कप.

सरांनी विचारलं. प्रात्यक्षिक परीक्षेला दोन दिवस उरलेले, परीक्षक तेच, आणि प्रयोगशाळेत दोघंच. मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि हो म्हणाली. अर्ध्या खोलीने टाळ्यांचा कडकडाट केला. ताईंच्या डोळ्यांत पाणी. उरलेली अर्धी खोली एकाच वेळी बोलायला लागली.

औषधवालीने मार्कांचं पुन्हा काढलं. ताईंनी हुकमाचं पान टाकलं: मीसुद्धा शिकवणाऱ्याशीच लग्न केलंय, चौदा वर्षांचं अंतर आहे, बघा आमच्याकडे.  तेव्हा दारातून पुतणी म्हणाली, "काकू, ती वीस वर्षांची आहे, दुधखुळी नाही. तिचं ती ठरवेल. पण तिला नाही म्हणायचं असतं, तर आज म्हणता आलं असतं का?"

 मास्तरांनी कप खाली ठेवला. ते अशा गोंधळात कधी तोंड उघडत नसत, म्हणून सगळ्या माना तिकडे वळल्या.

"हिचा रिव्हर्स आठव्या दिवशीच पक्का झाला होता," ते म्हणाले. "मी कच्चा आहे म्हणून सांगितलं. आणखी पंधरा दिवस यावं लागेल म्हणालो. ही येत राहावी म्हणून."

कुणीतरी हसलं. कुणीतरी 'अय्या' म्हणालं.  ताईंना मात्र ते पंधरा दिवस लख्ख आठवत होते. मैदानावरच्या दोन पिंपांमधून रोज सकाळी गाडी मागे घ्यायची, आणि मास्तर म्हणायचे, नाही, अजून नाही. घरी जाऊन त्या उशीत डोकं खुपसून रडायच्या, की आपण मठ्ठ आहोत. त्या उठल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"लग्नाचा मला एका दिवसाचाही पस्तावा नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर मला आवडले ते माझे मला आवडले. पण शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. ह्यांनी तो दाबून धरला, आणि मला वाटत राहिलं की मलाच गाडी जमत नाही. ते पंधरा दिवस माझे होते. ते ह्यांनी घेतले."

मग त्या टीव्हीकडे वळून, जणू सर समोरच बसलेत अशा थाटात म्हणाल्या, की परीक्षा होऊ द्या, मार्क लागू द्या, आणि मग विचारा. पुढचा अर्धा तास खोलीत असा कल्ला झाला, की शेजारचा सायकलवाला बघायला आला आणि आल्या आल्या बाजू घेऊन भांडायला लागला.

सगळे गेल्यावर खुर्च्या रचताना ताईंनी विचारलं, "आजच का सांगितलंत?"

"तू त्या सरांची बाजू घेत होतीस," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, ती माझीच बाजू आहे. घ्यायचीच तर सगळं ठाऊक असून घे."

दोन दिवस ताई त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर नवा नियम लिहिला: ज्याने शिकवलं त्याने 'तयार आहे' म्हणायचं नाही, ते दुसऱ्याने तपासून सांगायचं. मास्तरांनी वाचलं, मान डोलावली, आणि औषधवालीला तपासायला स्वतः गाडीत जाऊन बसले. ती पास झाली. ताईंनी त्यांच्या हातात चहा दिला आणि म्हणाल्या, तुमची माफी अजून अर्धीच झालीय. मास्तर म्हणाले, उरलेली हप्त्याहप्त्याने मागतो. तेव्हा कुठे त्या हसल्या.

त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी, अख्खा ग्रुप आपापल्या घरी श्वास रोखून टीव्हीपुढे बसला होता, आणि मालिकेने सात वर्षांची उडी मारली. सर आणि ती मुलगी नवरा-बायको, अंगणात एक छोटी पोर सायकल चालवतेय. परीक्षेचं नाव नाही, मार्कांचं नाव नाही. पहिल्या जाहिरातीच्या आतच औषधवालीचा फोन आला. आता दोन्ही तटांचं भांडण एकाच शत्रूशी होतं. वाहिनीला पत्र लिहायचं ठरलं. ताई फेऱ्या मारत सांगत होत्या, पलीकडे औषधवाली टाइप करत होती, आणि 'निषेध' लिहायचं की 'विचारणा' यावरून दोघींची वीस मिनिटं पुन्हा जुंपली. दीड पान झालं. बेचाळीसपैकी चाळीस जणांनी नाव दिलं. उरलेल्या दोघींनी कळवलं की त्यांना ती छोटी पोर फारच आवडली आहे.