चौथ्यांदा विचारायचं राहिलं

यदुल्लाहकाका सायकलही बससारखीच चालवतात. हँडलला त्यांनी जुन्या बसचा आरसा बांधलाय, वळण आलं की घंटी वाजवतात आणि उतार लागला की आधी थांबून दोन्ही ब्रेक तपासतात. मी मागून शिव्या घालत येतो. इस्फहानात माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. निवृत्त झाल्यावर काका माझ्याकडूनच सायकल घेऊन गेले आणि लांबच्या प्रवासाला मलाही ओढू लागले. सात वर्षांत आम्ही शिराझ पाहिलं, यझ्द पाहिलं, वाळवंट तुडवून तबसलाही जाऊन आलो. पण ज्या काशानच्या रस्त्यावर त्यांनी एकतीस वर्षं बस हाकली, त्याचं नाव काढलं की विषय बदलायचे. यंदा नासपती उतरायच्या दिवसांत मात्र स्वतःच म्हणाले, "फिरूझ, या खेपेला काशान."

मला नाक खुपसायची खोड आहे, असं माझी बायको म्हणते. आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकून कोण गप्प बसेल? त्यात काकांच्या सामानात दोन गोष्टी अशा होत्या की माझं डोकं फिरायची वेळ आली. एक, गझ मिठाईचा डबा, दोरीनं आवळून बांधलेला. चढावर पोटात कावळे ओरडत होते तरी त्यातला एक तुकडा मला मिळाला नाही. दुसरी, पिशवीत जपून ठेवलेला इस्त्रीचा पांढरा सदरा. सायकलवर इस्त्रीचा सदरा कोण नेतं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही मुक्कामाचं गाव, नतंझ, सोडलं. वारा समोरून होता. रोटी आणि पनीर खायला थांबलो तेवढंच, बाकी चढ आणि चढ. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकून काका सांगायचे, हा वैतागलाय, हा नुसता सलाम करतोय, याची झोप झालेली नाही. नेहमी बोलून बोलून कान किटवणारा माणूस, पण दहा वाजल्यापासून गप्प होत गेला. दरेबीद गावाचा फाटा आला तसे ते उतरलेच. एका पडक्या भिंतीमागे जाऊन पांढरा सदरा घालून आले. मग मात्र मी त्यांची सायकलच धरून ठेवली आणि म्हटलं, सांगितल्याशिवाय सोडत नाही.

गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची होती. बर्फात त्यांची बस या फाट्यावर अडकली. गावातला एवज नावाचा माणूस फावडं घेऊन आला, दोन तास राबला, चाकं मोकळी केली, उतारूंना चहा पाजला. निघताना काकांना म्हणाला, एक दिवस घरी जेवायला या. काकांनी रीतीप्रमाणे नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदाही नको. चौथ्यांदा विचारलं की हो म्हणायचं, हे आमच्यात लेकरालाही कळतं. पण तेवढ्यात रस्ता खुला झाला, मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले आणि काकांना बस काढावी लागली.

"त्यानंतर रोज इथून गेलो," काका म्हणाले. "बस भरलेली, वेळ ठरलेली. तुझी काकू तूबा म्हणते, अहो, ते तोंडदेखलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना म्हणतात तसं. तिचं खरं निघालं तर? म्हणून सुट्टीतही आलो नाही."

"आणि आता?"

"आता मी अडुसष्टचा आहे. गुडघे अजून किती साथ देतील?"

मी सायकल सोडली. मनात म्हटलं, तूबाकाकूंचंच खरं असणार. आणि तसं वाटल्याची मला लाज वाटली.

घर सापडायला वेळ लागला नाही. अक्रोडाच्या झाडाखाली एवज, मशहदची यात्रा केलेले म्हणून गावाचे मशदी एवज, अक्रोड सोलत बसले होते. ऐंशीच्या पुढचे असतील, सालांनी हात कोपरापर्यंत काळे झालेले. काकांनी बर्फाची हकीकत सांगितली, बसचा रंग सांगितला, कुठलं चाक रुतलं होतं तेही सांगितलं. म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाला, त्या फाट्यावरून बऱ्याच गाड्या काढल्या बाबा, तुमची काही आठवत नाही.

डबा छातीशी धरून काका उभे होते. मला इतकं वाईट वाटलं की मी झाडाकडे बघू लागलो.

"या आत, जेवून जा," म्हातारा म्हणाला. मान खाली, हात अक्रोडांवर. रस्त्यानं जाणाऱ्याला म्हणतात, अगदी त्याच सुरात. मी हिशेब केला: तीन वेळा नको, मग आभार, अर्ध्या तासात आम्ही परत रस्त्यावर.

"हो," काका म्हणाले. "येतो."

म्हाताऱ्याचे हात थांबले. माझे कान तापले. पहिल्याच शब्दाला हो म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याच्याबरोबर आलेला मी होतो. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"ताक आहे, रोटी आहे आणि दोन अंडी आहेत," तो म्हणाला. "बायको जाऊन सहा वर्षं झाली. या झाडाखाली बसून मी सगळ्यांना विचारतो. सगळे नको म्हणतात. चौथ्यांदा विचारायचा आता दम राहिला नाही, लोक तेवढ्यात निघून जातात."

काकांनी डबा त्याच्या काळ्या हातात दिला, बूट काढले आणि उंबरा ओलांडला. म्हातारा दाराची फळी धरून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, तूही ये.

"नको नको, कशाला उगाच त्रास," माझ्या तोंडून निघून गेलं. सवयच ती.

आतून काकांनी मान बाहेर काढली. पायरीवर रेंगाळणाऱ्या उतारूला एकतीस वर्षं जो आवाज दिला असेल, तोच आवाज मला दिला.

"फिरूझ, पाय आत घे. दार लावायचंय."